ओटीपी बाबांच्या फोनवर

महाराष्ट्र बोर्डाचा दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहायचा तर दोन चौकटी भराव्या लागतात. पहिलीत बैठक क्रमांक, दुसरीत आईचं नाव. अमरावती विभागीय मंडळाखालच्या पाचही जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीममध्ये, निकालाच्या दिवशी घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानांत आणि पानठेल्यांवर याच दोन चौकटी भरल्या जात असतात. संगणक सुरक्षेच्या भाषेत याला ऑथेंटिकेशन म्हणतात. समोरचा माणूस जो असल्याचं सांगतो तोच आहे का, हे पडताळणं. त्या दृष्टीनं पाहिलं तर बोर्डाचं हे कुलूप फारच कच्चं आहे. बैठक क्रमांक ओळीनं दिलेले असतात. आपला माहीत असला की पुढच्या बाकावरच्याचा आपोआप कळतो. आईचं नाव अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. नसलंच, तरी एका पिढीतल्या आयांची नावं ती किती असणार? सुनीता, संगीता, वंदना, छाया, अर्चना एवढ्यांवर बरीच मजल मारता येते.

तरी या पद्धतीवर कुणी रागावत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. शेजाऱ्याच्या पोराला गणितात किती पडले हे कळून चोराच्या हाती काय लागणार? कुलूप किती मजबूत हवं, हे कोठीत काय ठेवलंय त्यावर ठरतं. पंचाईत होते ती हीच सवय पुढे चालू राहिली की. जन्मतारीख हाच पहिला पासवर्ड, आईचं नाव हाच विसरलेल्या पासवर्डवरचा उतारा, असा मामला शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज आणि बँक खात्यापर्यंत पोचतो, तेव्हा कोठीत बरंच काही असतं.

अशा खाजगी प्रश्नांची परीक्षा संशोधकांनी 2009 मध्ये घेतली. मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तिघांनी लोकांना त्यांच्या ओळखीच्या माणसांसह बोलावलं. ज्या ओळखीच्यांना आपला ईमेलचा पासवर्ड कधीच सांगणार नाही, असं लोक म्हणाले, त्यांनाही 17 टक्के उत्तरं अचूक ओळखता आली. आणि सहा महिन्यांनी स्वतः उत्तर देणाऱ्यांपैकीच अनेक जण अडखळले. 20 टक्के उत्तरं त्यांना आठवेनात. हा प्रयोग दर्यापूर किंवा अकोट तालुक्यातल्या एखाद्या गावात केला असता तर पहिला आकडा 17 वर थांबला नसता, एवढं नक्की.

दूरशिक्षणात हा प्रश्न पूर्वी कुणाला पडतच नव्हता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. अमरावतीला त्याचं विभागीय केंद्र आहे. दहावी-बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीच्या वाटेला लागता येतं, हे या विद्यापीठाचं मोठं देणं. शेतमजूर बायकांपासून एसटीच्या वाहकांपर्यंत अनेकांना त्याचा आधार वाटला. पण शिक्षण दूरचं असलं तरी ओळख जवळची होती. छापील पुस्तकं घरी न्यायची, सुटीच्या दिवशी अभ्यास केंद्रावर संपर्क सत्राला यायचं आणि परीक्षा केंद्रावर बसून द्यायची. केंद्रावरचा माणूस ओळखपत्रावरचा फोटो पाहायचा, मग चेहरा पाहायचा, आणि बहुतेक वेळा बापाचं नावही त्याला माहीत असायचं. ही सगळी यंत्रणा दोन डोळ्यांवर चालत होती.

2020 मध्ये ते डोळे मधून निघून गेले. अंतिम वर्षाची परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑगस्ट 2020 रोजी दिला आणि राज्यातल्या विद्यापीठांना कोरोनाच्या ऐन भरात परीक्षा घ्याव्या लागल्या. 1 मे 1983 रोजी स्थापन झालेलं आणि याच पाच जिल्ह्यांचं क्षेत्र असलेलं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठही त्यात होतं. घरी बसून, मोबाइलवर, पर्यायी प्रश्नांची उत्तरं. पडद्यापलीकडे नेमकं कोण बसलंय, हा प्रश्न तोवर संशोधनाच्या प्रबंधांत होता. त्या हंगामात तो परीक्षा विभागांच्या टेबलावर येऊन बसला.

त्याचं उत्तर शोधण्याआधी थोडं मागं जावं लागतं. एकाच संगणकावर अनेकांनी काम करायचं आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी ठेवायची, ही सोय अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी 1961 च्या सुमारास केली, आणि पासवर्ड तिथूनच आला. पुढच्याच वर्षी तो फुटला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वाटणीला आलेला वेळ पुरत नव्हता. त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून देण्याची विनंती यंत्राला केली, यंत्रानं ती निमूट छापली, आणि गडी रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या नावानं काम करू लागला. पहिला पासवर्डचोर विद्यार्थीच निघावा, याचं शिक्षणक्षेत्रातल्या कुणालाच नवल वाटणार नाही.

दोष असा होता की पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवला होता. त्यावरचा तोडगा म्हणजे हॅश. हे एक गणिती दळण आहे: पासवर्ड त्यात घातला की ठराविक लांबीची अक्षरांची रांग बाहेर पडते. ज्वारी दळली की पीठ होतं, पण पिठावरून दाणे परत मिळत नाहीत. संगणक फक्त पीठ साठवतो. तुम्ही पुढच्या वेळी पासवर्ड लिहिला की तो पुन्हा दळतो आणि जुन्या पिठाशी ताडून पाहतो. फाइल चोरीला गेली तरी चोराच्या हाती दाणे लागत नाहीत.

मात्र चोरालाही दळता येतं. नेहमीचे हजारो पासवर्ड आधीच दळून ठेवायचे आणि चोरलेल्या पिठाशी जुळवत बसायचं. बेल लॅबच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 च्या निबंधात यावर उपाय दिला. प्रत्येक पासवर्ड दळण्याआधी त्यात एक यदृच्छ आकडा मिसळायचा. त्याला सॉल्ट म्हणतात. मग दोन विद्यार्थ्यांनी एकच पासवर्ड ठेवला तरी दोघांच्या रांगा वेगळ्या होतात आणि चोराला प्रत्येकासाठी नव्यानं दळावं लागतं. त्याच निबंधात त्यांनी लोकांचे 3,289 पासवर्ड तपासले होते. 15 जणांनी एकच अक्षर ठेवलं होतं, 72 जणांनी दोन, 464 जणांनी तीन. सोपे, आखूड किंवा शब्दकोशात सापडणारे असे मिळून 86 टक्के. त्याला आता चार दशकं उलटून गेली. स्वतःच्या नावापुढे 123 लावणाऱ्या वाचकानं हे वाचून फार हसू नये.

पासवर्ड लक्षात राहत नाहीत, चित्रं राहतात, म्हणून ग्राफिकल पासवर्डचं संशोधन सुरू झालं. चित्रातल्या ठराविक जागांना क्रमानं बोट लावायची कल्पना ग्रेग ब्लोंडर यांच्या 1996 च्या पेटंटमध्ये आहे. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांप्रमाणे बडनेरा, अमरावती, अकोला, शेगावकडेही हा विषय प्रकल्पांसाठी आवडता. त्याचं सर्वांच्या ओळखीचं रूप म्हणजे मोबाइलवरची नऊ ठिपक्यांची जाळी. तिच्यात 3,89,112 नक्ष्या शक्य आहेत. प्रत्यक्षात लोक डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि इंग्रजी एल किंवा झेड काढून मोकळे होतात. शिवाय काचेवर बोटांचा चिकटा राहतो, आणि उजेडात फोन तिरका धरला की त्यावरून नक्षी वाचता येते, हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. मोबाइलच्या दुकानातल्या पोराला ते दाखवावं लागलं नसतं.

हे झालं डोक्यात ठेवायच्या गुपिताचं. दुसरा मार्ग हातातल्या वस्तूचा, म्हणजे फोनचा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरा पुरावा सक्तीचा केला आणि ओटीपी घराघरांत पोचला. आज शैक्षणिक पोर्टलांवरची बहुतेक कामं त्याच्यावरच चालतात. हा सहा आकड्यांचा एसएमएस तीन गोष्टी गृहीत धरतो: विद्यार्थ्याचा स्वतःचा फोन आहे, त्याला रेंज आहे, आणि एसएमएस वेळेत येतो.

वऱ्हाडात या तिन्ही गोष्टी एकत्र असतीलच असं नाही. घरात चांगला फोन एकच, नंबर बाबांच्या नावावर, आणि बाबा सकाळीच डवरणीला गेलेले. पोरगी घरी कुणाच्या तरी उसन्या फोनवर अर्ज भरते, ओटीपी वावरात बाबांच्या खिशात वाजतो. मग ती शेजाऱ्याच्या फोनवरून विचारते, "बाबा, मेसेज आला का? आकडा सांगा न." बाबा चष्मा शोधतात, तोवर मुदत संपते. ही पद्धत सुरक्षित आहे का, हा मुद्दा दूरच राहिला. जो आकडा कुणालाही सांगू नका म्हणून बँका कंठशोष करतात, तो मोठ्यानं सांगायचीच सवय आम्ही रोज लावतोय. ओटीपी विचारणाऱ्या भामट्याचं अर्धं काम तिथंच होतं.

रेंजचं विचाराल तर हरिसालकडे पाहावं. परतवाडा-धारणी रस्त्यावरचं, मेळघाटातलं हे गाव. 2016 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते डिजिटल गाव म्हणून पुढं आणलं. टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट न्यायचं, ही त्यामागची कल्पना. या लहरी झाडोऱ्यातून आणि चढउतारांवरून वायफायपेक्षा लांब जातात, म्हणून डोंगराळ जंगलाला त्या सोयीच्या. दूरवैद्यक, डिजिटल वर्ग असं पुष्कळ बोललं गेलं. मग 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत हरिसालच्या जाहिरातीची आणि प्रत्यक्षाची फारकत सभेत दाखवली, आणि ते गाव राज्यभर एका वेगळ्याच कारणानं पोचलं. राजकारण बाजूला ठेवू. मेळघाटात एक टॉवर बसवणं आणि तो पावसाळाभर, वीज जाऊन-येऊन, चालू ठेवणं यांत किती अंतर आहे ते तिथल्या शिक्षकांना कुणी सांगायला नको. आजचा पेपर आणि आजची रेंज यांची गाठ पडेलच याची हमी कोण देणार?

गंमत अशी, की रेंज न लागणारा ओटीपी कधीचाच तयार आहे. ऑथेंटिकेटर ॲप ज्यावर चालतं ती टीओटीपी ही पद्धत 2011 मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. नोंदणीच्या वेळी एकदाच सर्व्हर आणि फोन यांच्यात एक गुप्त किल्ली वाटून घेतली जाते, बहुधा क्यूआर कोड दाखवून. पुढे दोघंही घड्याळ पाहतात. दर 30 सेकंदांचा एक तुकडा, त्या तुकड्याचा क्रमांक आणि किल्ली मिळून हॅश, हॅशमधून सहा आकडे. दोन्हीकडे घड्याळ तेच आणि किल्ली तीच, म्हणून आकडेही तेच. मधे एसएमएस नाही, नेटवर्क नाही. धारणीच्या पलीकडे, रेंजचा एकही दांडा नसताना, फोन बरोबर आकडा दाखवेल. अर्थात उत्तरपत्रिका पाठवायला रेंज लागेलच. पण निदान दार उघडायला ती अडणार नाही.

त्याहून मला आवडते ती लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1981 मध्ये मांडलेली युक्ती, कारण तिला विद्यार्थ्याकडे फोनही लागत नाही. एक गुप्त बीज घ्या. त्याचा हॅश काढा, त्या हॅशचा पुन्हा हॅश, असं शंभर वेळा करा. विद्यापीठाच्या सर्व्हरनं फक्त शंभरावं उत्तर जवळ ठेवायचं. बाकीची सगळी छापून विद्यार्थ्याच्या हाती द्यायची. पहिल्या वेळी विद्यार्थी नव्व्याण्णवावं उत्तर देतो. सर्व्हर ते एकदा दळतो. शंभरावं निघालं म्हणजे माणूस खरा. आता सर्व्हर शंभरावं टाकून नव्व्याण्णवावं जपतो, आणि पुढच्या वेळी अठ्ठ्याण्णवावं मागतो. वाटेत कुणी नव्व्याण्णवावं चोरून पाहिलं तरी उपयोग शून्य, कारण हॅश उलटा फिरत नाही. त्यावरून अठ्ठ्याण्णवावं काढता येत नाही. सर्व्हर फोडला तरी चोराला वापरून झालेलंच उत्तर मिळतं.

बेलकोर या कंपनीनं याच तत्त्वावर एस-की नावाची पद्धत काढली. तिच्यात लांबलचक आकड्यांऐवजी 2,048 छोट्या इंग्रजी शब्दांच्या यादीतले सहा शब्द सांगायचे. लोकांनी कागदावर छापलेल्या याद्या खिशात घेऊन त्या वर्षानुवर्षं वापरल्या. आपल्या याद्या मराठीत करायला कुणाची हरकत? "पराटी वखर बंडी कवेलू डवरा तुराटी" हा संकेत वऱ्हाडातली कोणतीही मुलगी न चुकता वाचून दाखवेल. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात असा एक कागद घालायचा खर्च तो किती? कागद हरवेल, त्याचा फोटो काढला जाईल, लबाड माणूस फोन करून सहा शब्दही विचारेल, हे सगळं खरं. पण कागद मुलीच्या दप्तरात राहील, बाबांच्या खिशात नाही.

तिसरा मार्ग शरीराचा. इथं आमच्या भागाचं दुखणं वेगळं आहे. ठशाचं यंत्र बोटावरच्या रेषा कुठं संपतात आणि कुठं फुटतात ते बिंदू मोजतं. कापूस वेचणाऱ्या बाईचा हंगामातला अंगठा जवळून पाहा. उललेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्या टोकाला सुईसारख्या असतात. दिवसभर त्यांतून कापूस ओढून बोटांच्या टोकांवर ओरखडे, भेगा आणि जाड कातडी होते. रेषा झिजतात, आणि राशनच्या दुकानात यंत्र तिला तीच बाई मानायला नकार देतं. म्हणून बुबुळ आणि चेहरा असे पर्याय आधारमध्ये आले. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी 2023 मध्ये चेहऱ्याची सोय झाली. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठ्याचा ठसा दस्तांवरून उचलून त्याची रबरी नक्कल केल्याची प्रकरणं देशात झाली आहेत, आणि अंगठा काही बदलून मिळत नाही.

दूरशिक्षणाला अधिक जवळचा शारीरिक पुरावा म्हणजे टायपिंगची लकब. तारायंत्राच्या काळात ऑपरेटर एकमेकांना कडकट्टच्या लयीवरून ओळखत. अमेरिकेतल्या रँड संस्थेनं 1980 मध्ये सात टायपिस्टांवर प्रयोग करून दाखवलं की दोन कळांमधला वेळही माणूस ओळखायला उपयोगी पडतो. ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या कोर्सेरानं 2013 मध्ये प्रमाणपत्रासाठी हीच पद्धत वेबकॅमच्या फोटोसोबत वापरली. 2009 मध्ये कार्नेगी मेलनमध्ये 51 जणांकडून एकच पासवर्ड प्रत्येकी 400 वेळा टाइप करून घेतला. सर्वांत चांगल्या पद्धतीचीही चूक साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती. दहातल्या एका खऱ्या विद्यार्थ्याला खोटं ठरवणारी ओळख परीक्षेत कुणाला परवडेल?

त्यात आमच्याकडे कोण कीबोर्डवर टाइप करतं? पोरं फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवतात, अर्धं काम सुचवलेल्या शब्दांवर बोट ठेवून होतं, उरलेलं बोलून. आणि 2020 मध्ये जो परीक्षेचा प्रकार निवडला गेला, तो चार पर्यायांतून एकावर बोट ठेवण्याचा. त्यात मोजायला लकब उरतच नाही.

पण या सगळ्या पद्धतींची खरी अडचण मोजमापात नाही. बँकेत खातेदार आणि बँक एका बाजूला असतात, चोर दुसऱ्या बाजूला. खातेदार आपला पिन जिवापाड जपतो. परीक्षेत खुद्द खातेदारच किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. डमी उमेदवार चोरून घुसत नाही; त्याला बोलावलेलं असतं. पासवर्ड सांगून, ओटीपी कळवून, कॅमेऱ्यासमोर स्वतः बसून आणि उत्तरं शेजारच्या खोलीतून घेऊन. ऑथेंटिकेशनवरचं बहुतेक संशोधन बँकेचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून झालंय, आणि तेच जसंच्या तसं शिक्षणात आणलं की फसतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरचे अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात, तरी श्रेयांकांसाठीची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते, त्यामागचं कारण हेच.

मला विचाराल तर दार पक्कं करण्याचा खर्च थोडा कमी करून तो प्रश्नपत्रिकेकडे वळवावा. विद्यार्थिनीनं वर्षभरात स्वाध्याय लिहून पाठवलेला असतो. साध्या फोन कॉलवर, ज्याला इंटरनेटची गरज नाही, शिक्षकानं पाच मिनिटं त्याच स्वाध्यायावर विचारावं: हे उदाहरण का निवडलं, हा आकडा कुठून आणला, तुमच्या गावातल्या विहिरींना हे लागू पडतं का? डमी माणसाला इथं पेपर येऊन भागत नाही, तिचं वर्ष यावं लागतं. हजारो विद्यार्थ्यांना असे कॉल कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना करायची गरज नाही. शंभरातल्या कोणत्याही पाचांना येऊ शकतो, एवढं सगळ्यांना माहीत असलं की बरंच काम होतं.

आणि संशोधनच करायचं तर अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत तेविसावं ग्राफिकल पासवर्ड ॲप करण्यापेक्षा एक मोकळं शेत पडलंय. मराठी बोटांची नोंद. लिप्यंतर करून, इनस्क्रिप्ट कीबोर्डनं आणि बोलून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फोनवरच्या लकबी, एकच फोन वापरणाऱ्या भावंडांसकट, त्यांच्या संमतीनं आणि नावं काढून गोळा केलेल्या. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं संमतीची अट घातलीच आहे. एका फोनवर भाऊ लिहितोय की बहीण, हे त्या लयीवरून कळतं का? कार्नेगी मेलनला हा प्रश्न पडण्याचं कारण नाही. मूर्तिजापूरच्या एखाद्या घरात तो रोज संध्याकाळी, फोन चार्जिंगवरून काढताना, भांडणासकट हजर असतो.